किशोरच्या फोनमधल्या तारखा

किशोर गावी कधी येणार हे त्याचा फोन ठरवतो, ही गोष्ट कशेडी घाटाखालच्या त्या वाडीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक झाली होती. पूर्वी तो बाकीच्या चाकरमान्यांसारखा शिमग्याला, गणपतीला यायचा. आता आडवारी, मधल्याच वारीही येई. अंधेरीचं गोदाम सोडून रात्रीच्या गाडीने निघे, पहाटे पोलादपूरला उतरे, दोन दिवस राही आणि परत जाई. विहिरीवरच्या बायका रेश्माला विचारत, "काय गो, मोबाईलातलं पंचांग काय म्हणतंय?" रेश्मा कळशी कमरेवर घेत म्हणे, "तुमच्या घरवाल्यांना विचारा. त्यांचंच लक्ष जास्त असतं." मग बायका आपसात हसत आणि ती वाटेला लागे. चेष्टेला चेष्टेने उत्तर द्यायला ती तुडीलला, माहेरीच शिकली होती.

लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. किशोरला कामावरच्या कुणीतरी ते ॲप दाखवलं. बायकोच्या पाळीची तारीख त्यात टाकायची, की पुढची तारीख ते आपलं आपण सांगतं आणि मधल्या काही दिवसांवर हिरवी पानं उमटवतं. त्या दिवसांत नवराबायको एकत्र असली पाहिजेत. किशोरने ते आपल्याच फोनमध्ये घेतलं. रजा त्याला मागायची होती, तेव्हा हिशेबही त्याच्याकडे, असं त्याचं साधं गणित. तारीख त्याला आईकडून कळे. राहीबाईंचा मुलाला रोज संध्याकाळी फोन असे. भात, गुरं, कुणाचं लग्न, कुणाचं मयत यांच्याबरोबर त्या सांगून टाकत, "आजपासनं ती बाहेर बसलीय रे." किशोर लगेच लाल ठिपका लावी.

रेश्माला सुरुवातीला याची गंमतच वाटली होती. आपण पडवीच्या कोपऱ्यात गोधडी टाकून बसायचं आणि त्याची नोंद अंधेरीला व्हायची.

हिरव्या पानांचे महिने येत गेले, जात गेले. दीड वर्ष झालं. मग फाल्गुनात किशोर रजा टाकून आला आणि तिघं महाडला डॉक्टरबाईंकडे गेली. डॉक्टरबाईंनी दोघांच्या तपासण्या करून घेतल्या होत्या, त्यात काही वावगं नव्हतं. किशोरने मोठ्या उमेदीने फोन पुढे केला. बाईंनी चष्मा वर सारून पडद्यावर बोट फिरवलं. पाळी कधी तीन आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनी, एकदा तर त्याहूनही लांबलेली. असं असेल तर बीज वेळेवर तयार होत नसणार, त्या म्हणाल्या. त्यासाठी गोळ्या सुरू करू, पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून. चिठ्ठी लिहायच्या आधी त्यांनी रेश्माकडे पाहून विचारलं, तारखा बरोबर आहेत ना?

एका बाजूला किशोर, एका बाजूला राहीबाई. रेश्माने मान डोलावली.

महाडहून परतताना गाडीत राहीबाई गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. आता मार्ग सापडला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. रेश्मा खिडकीबाहेर पाहत होती. तारखा बरोबर नव्हत्या. गेल्या आषाढापासूनची एकही तारीख बरोबर नव्हती, आणि हे त्या गाडीत, त्या तालुक्यात, साऱ्या जगात फक्त तिला ठाऊक होतं.

गेल्या वर्षापर्यंत तिच्या खऱ्या तारखा ठाऊक असणारं आणखी एक माणूस होतं. पाळी आली की रेश्मा आईला, उज्वलाला, फोन करायची. लग्नाआधीपासूनची सवय, ती लग्नाने मोडली नव्हती. उज्वला नुसतं "बरं" म्हणायची आणि दुसरं काहीतरी बोलू लागायची. पण पुढच्या महिन्यात दोन दिवस उशीर झाला, की तिचा फोन यायचा. विचारायची काहीच नाही, नुसती इकडचं तिकडचं बोलायची. रेश्मा म्हणायची, "आई, आजच आली." आणि पलीकडून तेच "बरं".

आषाढात, ऐन लावणीत, उज्वला शेताच्या बांधावर बसली ती उठलीच नाही. छाती, असं नंतर डॉक्टर म्हणाले. रेश्मा तुडीलला पोचली तेव्हा सावित्रीला पूर होता आणि लाकडं ओली होती.

लेक दिल्या घरची. तिला आईबापाचं सुतक तीन दिवसांचं. राहीबाईंनी हे सांगितलं ते दुष्टपणाने नव्हे. रीत होती, आणि इकडे खाचरांत पाणी साचलं होतं, रोपं पिवळी पडायला लागली होती. लावणी कुणाच्या मरणासाठी थांबत नाही. चौथ्या दिवशी रेश्मा सासरी आली. दहाव्याला, तेराव्याला जाऊन यायचं ठरलं. आल्या संध्याकाळी तिने भाकऱ्या थापल्या. घरात माणसं होती, मजूर बायका होत्या, बोलणं होतं, हसणंही होतं. कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. फक्त एवढ्या घरात एका बाईने एकटं बसावं अशी जागा कुठे नव्हती. न्हाणीत फार वेळ लागला तर दार वाजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आवणाच्या, भाताच्या रोपांच्या, मुठी बांधून शेतावर निघायच्या वेळी, ती राहीबाईंना म्हणाली, "आत्या, मी बाहेर बसले."

त्या घरात बाहेर बसलेल्या बाईने रोपाला हात लावायचा नाही, लावणीच्या खाचरात पाय घालायचा नाही. मग ती पडवीच्या कोपऱ्यात बसली. कुणी तिच्याजवळ येणार नव्हतं, कुणी तिला शिवणार नव्हतं, कुणी तिला काम सांगणार नव्हतं. समोर पाऊस कोसळत होता. तिने गुडघ्यांत डोकं घातलं आणि आईसाठी रडली. चार दिवस रडली. तहानभुकेचंही भान न ठेवता रडली. त्या चार दिवसांनी तिला वाचवलं, असं ती आजही म्हणेल.

खोटं एकदा बोललं की त्याला सोबत लागते. खरी पाळी आली दोन आठवड्यांनी. एका महिन्यात दोनदा बाहेर कशी बसणार? तिने ती लपवली, चूल सांभाळली, पाणी भरलं. पुढे श्रावणात पुन्हा एकदा तिला ती पडवी हवीशी झाली आणि तिने पुन्हा तसंच सांगितलं. भाद्रपदात गौरी आल्या त्या नेमक्या तिच्या खऱ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी. त्या वर्षी तिच्या ओवशाचा योग होता. नव्या सुनेची पहिली सुपं गौरीपुढे फिरवायची होती, वाडीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. ती काही बोलली नाही. हिरवी साडी नेसली, सुपं उचलली, ओवाळली. त्यानंतर दसरा, मग दिवाळी. एक तारीख पुढे ढकलली की दुसरी मागे ओढावी लागे. आणि प्रत्येक वेळी संध्याकाळच्या फोनवर राहीबाई विश्वासाने मुलाला सांगत, आणि किशोर लाल ठिपका लावी, आणि फोन भलत्याच दिवसांवर हिरवी पानं उमटवी. किशोर धापा टाकत येई तेव्हा खरे दिवस एकतर होऊन गेलेले असत, नाहीतर यायचे असत.

रेश्मा ब्लाउज शिवे. वाडीतल्या निम्म्या बायकांची मापं तिच्याकडे होती. माप चुकीचं घेतलं तर कापड कितीही भारी असो, काखेत दाटणार हे तिला कुणी शिकवायला नको होतं. इथे माप तिनेच चुकीचं दिलं होतं आणि आता त्या मापावर औषध बेतलं गेलं होतं. गोळ्या गुपचूप फेकून देता आल्या असत्या. पण मग पुढच्या महिन्यात त्याहून कडक गोळ्या, मग सुया, मग मुंबईचं हॉस्पिटल. आणि मूल मात्र नाहीच. तिला मूल हवं होतं. सासूसाठी नाही, वाडीसाठी नाही. आई गेल्यापासून तर फारच हवं होतं, आणि याचं कारण तिने स्वतःलाही कधी नीट विचारलं नव्हतं.

सांगायचं तर कुणाला आधी, याचा तिने मशीनवर बसून विचार केला. किशोरला सांगणं सोपं होतं. पण मग तो आईशी बोलणार, आई त्याच्याशी बोलणार, आणि आपण दोघांच्या मध्ये चर्चेचा विषय होऊन बसणार. फसवलं होतं ते समोरासमोर राहीबाईंना. तेव्हा आधी त्याच.

पाळी आली ती वालाच्या शेंगा सोलायच्या दिवसांत. रेश्मा पडवीच्या कोपऱ्यात बसली. राहीबाई उंबऱ्याच्या आत सूप घेऊन बसल्या, हातातल्या शेंगा न थांबता फुटत होत्या. सासरे श्रीपतराव गुरांमागे गेले होते. घरात दोघीच, मध्ये हातभराच्या जागी दहा हात अंतर, त्यामुळे आवाज थोडा चढवूनच बोलावं लागत होतं.

"उद्यापासनं गोळ्या ना गो?" राहीबाई म्हणाल्या. "सकाळच्या चहाबरोबर आठवण करीन."

"त्या गोळ्या मी घेणार नाही, आत्या."

"का? कडू हायत?"

"मला लागत नाहीत म्हणून. फोनमध्ये ज्या तारखा आहेत, त्या खोट्या आहेत. मी तुम्हाला खोट्या सांगितल्या. आजची खरी आहे."

शेंगा फुटायच्या थांबल्या. रेश्माने मग सगळं सांगितलं, आषाढापासून, काही न वगळता. गौरीचंही सांगितलं. तेच सांगताना तिने नजर खाली घातली, कारण फुटणार ते तिथेच, असं तिला वाटत होतं. सांगून झालं आणि ती वाट पाहत राहिली.

राहीबाईंनी सुपातले दाणे एका बाजूला सारले.

"म्हंजे लावणीच्या वक्ताला," त्या सावकाश म्हणाल्या, "तू चांगली धडधाकट होतीस."

"हो."

"आणि मी खालच्या खाचरात. कमरेत वाकून. एकटी."

"हो, आत्या."

"त्यात दोन दिवस मजूर बाय बी आली नव्हती. आन मी वरनं तुला पेज आणून देत होते. पोरीची आई गेलीय, त्यात हे, अशक्तपणा येईल. तूप घालून देत होते गो मी."

"दोन वेळा. मला आठवतंय."

"आठवतंय तुला," राहीबाई म्हणाल्या. त्यांनी एक शेंग इतक्या जोरात मोडली की दाणे पडवीत उडाले. रेश्माच्या मनाची गौरीसाठी सगळी तयारी होती, पेजेसाठी नव्हती. तिला हसू आलं आणि ते दाबता दाबता तिचे डोळे भरले.

"गौरीबद्दल बोला ना," ती म्हणाली.

"गौरीचं काय बोलू? ती बाईमाणूस, माहेरपणाला येते. तिचं नि तुझं तुम्ही दोघी बघा. मी देवळात नारळ ठेवीन, गाऱ्हाणं घालीन, तिचा राग जाईल. पण माझ्या लावणीचं गाऱ्हाणं मी कुणाला घालू? देव काय खाचरात उतरणार हाय?"

राहीबाईंनी पुन्हा सोलायला घेतलं. थोड्या वेळाने, मान वर न करता, त्या म्हणाल्या, "आईसाठी रडायला बाहेर बसावं लागतं काय गो या घरात?"

तो प्रश्न कुणाला होता हे कळायला मार्ग नव्हता.

शेवटी निवाडा झाला तो असा. यंदा खालचं खाचर रेश्माचं. रोपं काढण्यापासून शेवटच्या मुठीपर्यंत. राहीबाई बांधावर बसून पानाला चुना लावणार आणि फक्त बघणार. आणि लावणी उरकली की रेश्माने आठ दिवस तुडीलला जायचं. आईचं वर्षश्राद्ध होतंच. "रडायचंय तेवढं तिथं जाऊन रड, उघड्यावर, बापाजवळ. माझ्या लावणीत नको."

त्या संध्याकाळी फोन राहीबाईंनी लावला, पण बोलायला रेश्माच्या हातात दिला, म्हणजे तिच्यापुढे जमिनीवर ठेवून त्या मागे झाल्या. किशोर आधी चिडला. ती ऐकून घेत राहिली. त्याच्या रजा, रात्रीचे प्रवास, सुपरवायझरची बोलणी. "दीड साल मी काय टूरिस्ट म्हणून येत होतो काय?" तो म्हणाला. रेश्मा म्हणाली, आषाढाआधीच्या तारखा खऱ्या होत्या, त्यामुळे दीड वर्ष नाही, नऊ महिने. हे ऐकून तो आणखी चिडला. राग ओसरल्यावर त्याने विचारलं, "मला का नाही सांगितलंस, आईसाठी रडायचं होतं ते?" ती म्हणाली, तुम्ही अंधेरीला होतात. यात टोमणा नव्हता, आणि त्यालाही तो लागला नाही.

डॉक्टरबाईंकडे ती राहीबाईंना घेऊन गेली. सगळं सांगितलं. बाईंनी आधी लांब श्वास सोडला, मग गोळ्यांची चिठ्ठी खोडली. ॲप अंदाज करतं, त्या म्हणाल्या, तुम्ही जे द्याल त्यावरून. काही महिने खरं टाका, अंगाच्या खुणांकडेही लक्ष द्या, मग बघू. बहुतेक तुम्हाला माझी गरज लागणार नाही. राहीबाईंनी विचारलं, गोळ्या दुकानदार परत घेईल काय.

परतीच्या गाडीतच रेश्माने ते ॲप आपल्या फोनमध्ये घेतलं. मागचं काही भरलं नाही. कोऱ्या पडद्यावर एकच ठिपका लावला. किशोरने आपल्या फोनमधून ते काढून टाकलं. मग दोन दिवसांनी त्याने विचारलं की तिच्या फोनमधलं त्याला दिसेल अशी काही सोय असते का. असते, रेश्मा म्हणाली. पण ती नको. जे सांगायचं ते मी सांगेन.

चैत्र गेला. वैशाख गेला. पाळी येत राहिली, चांगली शिस्तीत, आणि प्रत्येक वेळी थोडं वाईट वाटत राहिलं. पण ते वाईट वाटणंही आता खरं होतं, त्यात लपवाछपवीचा गुंता नव्हता. ती सरळ म्हणे, "आत्या, आज बसले," आणि राहीबाई म्हणत, "खरी काय?" पहिल्या वेळी तिला ते झोंबलं. नंतर ती म्हणू लागली, "हमी देते." खुणांचंही तिला कळू लागलं. फोनवर हिरवं पान उमटायच्या आदल्या दिवशीच तिला अंगातून समजे, आणि दोन्ही जुळलं की बेतलेला ब्लाउज नेमका बसावा तसं समाधान होई.

लावणीत तिने खालचं खाचर एकटीने लावलं. कंबर मोडून आली. राहीबाई बांधावर इरलं पांघरून बसल्या, पानाला चुना लावला, ओळ वाकडी गेली की सांगितलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही आणि त्या चिखलात उतरल्या. फक्त कोपरा, असं म्हणाल्या. कोपऱ्यात निम्मं खाचर आलं.

मग ती तुडीलला गेली. वर्षश्राद्ध झालं, भटजी गेले, नातेवाईक पांगले. घरात बाप दत्ताराम आणि ती. त्यांची लावणी मागे पडली होती, माणूस मिळत नव्हता. दुपारी ती ओटीवर बसून नदीकडे बघत रडली, बाप जवळच दोरी वळत बसला होता. त्याने दोरी वळणं थांबवलं नाही, आणि तिनेही तोंड लपवलं नाही.

मंगळवारी सकाळी अंगाने खूण दिली. तिने फोन उघडून पाहिलं, मग किशोरला लावला.

"उद्या या."

"उद्या? बुधवार आहे. लोडिंग आहे गोदामात."

"रजा टाका."

"गावी ना? आईला सांगतो."

"गावी नाही. इथे, तुडीलला."

"अगो, सासुरवाडीला? मधल्या वारी? बाबांना काय सांगू, कशाला आलो?"

रेश्माने अंगणातून पलीकडे पाहिलं. बाप खाचराच्या कडेला उभा राहून आभाळाचा अंदाज घेत होता.

"सांगा, लावणीला आलो."

"रेश्मा, मला लावणी करून दहा वर्षं झाली."

"मग शिकवतील ते. आज रात्रीच्या गाडीने निघा, आणि जुनी पँट आणा."

बुधवारी पहाटे किशोर तुडीलला पोचला. दत्तारामने जावयाचा चहा होऊ दिला, मग त्याच्या हातात मुठींचा भारा दिला. किशोर दिवसभर चिखलात होता. त्याच्या ओळी सापासारख्या गेल्या आणि दत्तारामने त्यातल्या दोन उपटून पुन्हा लावल्या. संध्याकाळी तो पडवीच्या पायरीवर येऊन बसला, पाय घोट्यापर्यंत सोलवटलेले, पाठ धरून. म्हणाला, आता झोपलो की परवा उठेन.

"उद्या झोपा," रेश्मा म्हणाली, आणि त्याच्या पायांवर ओतायला गरम पाण्याची बादली घेऊन आली.